चाकू कापायला असतो, उचकटायला नाही



आमच्या शिवारात कलमांचा हंगाम सुरू झालाय. परवा बांधापलीकडच्या बागेत गेलो होतो. डॉगरीजच्या खुंटावर कलमं भरायचं काम चाललेलं. टोळीतली माणसं आपापल्या ओळीला बसलेली आणि मालकाचं पोरगं, वय असेल बावीस-तेवीस, हौसेनं मधल्या ओळीत स्वतः कलमं भरत होतं. त्यानं खिशातनं चाकू काढला. काळी मूठ, पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात, मध्ये दोन भोकं, आणि जाडी म्हणाल तर कोयत्याची आठवण यावी.

"तात्या, बघा तरी कसला दणकट हाय. मोबाईलवरनं मागवलाय. साडेबाराशेला."

मी हातात घेतला. वजनाला पाव किलोच्या आसपास. म्हटलं, चालवून दाखव. त्यानं सायन काडीला पाचर करायला पातं लावलं, दाबलं, आणि काडी कापायच्या ऐवजी उभी फाटली. दुसरी घेतली, तिची साल सुटून वर आली. पोरगं म्हणालं, "काडीच वाळलीय वाटतं." काडी वाळली नव्हती. टोळीतला माणूस त्याच गठ्ठ्यातली काडी घेऊन दोन हातात पाचर करत होता.

मी तिथं काही बोललो नाही, लोकांसमोर पोराला कशाला खाली बघायला लावा. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं, म्हणून हे लिहितोय. कारण हे एका पोराचं नाही. गेल्या तीन-चार वर्षांत ज्याच्या त्याच्या खिशात असले चाकू दिसायला लागलेत. रील बघायची, त्यात कुणीतरी चाकू झाडात मारतो, पत्र्यात घुसवतो, आणि आपली पोरं पैसे भरून मोकळी. जाड म्हणजे मजबूत, एवढं एकच गणित. हे गणित चुकीचं आहे, आणि ते चुकल्यामुळं कलमं जातात, पैसे जातात आणि बोटंही जातात. बोटाचं पुढं सांगतो.

आधी मला एक सांगा. तुमच्या खिशातला चाकू दिवसभरात काय करतो? मी माझा हिशोब सांगतो. सकाळी खताच्या पोत्याची शिवण कापली. ठिबकची सोळाची लॅटरल उंदरानं कुरतडली होती, तेवढा तुकडा काढून जोड घातला. वेली बांधायला सुतळी तोडली. एका ओलांड्याला भुसा पडलेला दिसला, तिथं साल सोलून खोडकिडा कुठपर्यंत गेलाय ते बघितलं. दुपारी बांधावर भाकरीसोबत कांदा आणि काकडी चिरली. संध्याकाळी कडब्याच्या पेंढीचा बंद तोडला. यातल्या एका तरी कामाला चार मिलिमीटर जाडीचं पातं लागतं का? सगळी कामं कापायची, चिरायची, सोलायची. यातलं एकही फोडायचं नाही.

फोडणं आणि कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. कुऱ्हाड जाड असते, कारण तिला लाकूड फाकवायचं असतं. आत शिरली की दोन्ही बाजूंना ढकलत जाते, लाकूड तिच्या पुढं फाटत जातं. जाड चाकू नेमकं हेच करतो. धार कितीही लावा, धारेच्या मागून जी जाडी येते ती वस्तूला फाकवतच जाणार. खात्री करायची असेल तर घरात बसून करा. एक जाडसर गाजर घ्या. जाड चाकूनं मधोमध कापा. अर्ध्यापर्यंत गेला की 'कट्' असा आवाज येऊन पुढचा तुकडा आपोआप तुटेल. आता घरातल्या पातळ सुरीनं कापा. शेवटपर्यंत गुळगुळीत जाईल. गाजराला जे होतं तेच काडीला होतं.

आणि कलमात हे चालत नाही. पाचर कलमात खुंटाच्या सालीखालचा जिवंत हिरवा थर आणि काडीचा तोच थर एकमेकांना चिकटून बसला पाहिजे. तिथूनच दोन्ही जुळतात. त्यासाठी दीड इंचाची पाचर सपाट पाहिजे, एका ओढीत निघालेली. तीन वेळा घासून केलेली पाचर उंचसखल होते, मध्ये फट राहते, फटीत पाणी जातं, काडी काळी पडते. जाड पात्यानं थर चेंबला तर फट नसली तरी जुळणी होत नाही. पंधरा-वीस दिवसांनी डोळा फुगायची वाट बघत बसायचं आणि मग नशिबाला, हवेला, काडी देणाऱ्याला शिव्या द्यायच्या. माझ्याच बागेत एकदा टोळी एक दिवस उशिरा येणार म्हणून मी बोथट चाकूनं साठ कलमं भरली. तेवीस फुटली. त्याच बागेत टोळीनं भरलेल्या ओळींत मोजकीच गेली. काडी तीच, खुंट तोच, पाणी तेच. फरक हत्याराचा आणि हाताचा, आणि त्यातला निम्मा तरी हत्याराचा.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कलमवाले मला धरतील. नेहमी कलमं भरणाऱ्याचा चाकू वेगळाच असतो. त्याच्या पात्याला धार एकाच बाजूनं काढलेली असते, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकते म्हणून पाचर सरळ निघते. डावखुऱ्याला उलट्या बाजूचा लागतो. तो चाकू फक्त कलमाला ठेवायचा, त्यानं पोतं कापायचं नाही. मी बोलतोय तो रोज खिशात असणाऱ्या घडीच्या चाकूबद्दल. तोसुद्धा असा पातळ असावा, की वेळ पडली तर चार कलमं त्याच्यावर निभावली पाहिजेत.

आता बोटाचं सांगतो.

माझ्या चुलत भावाचा मुलगा. असाच जाडजूड घडीचा चाकू, मुठीवर कवटीचं चित्र. दोनशे लिटरच्या प्लॅस्टिकच्या ड्रमला तोटी बसवायची होती. ड्रिल मशीन घरात होतं, पण वीज नव्हती. यानं चाकूचं टोक ड्रमला लावलं आणि अंगाचा जोर दिला. टोक अडकलं, हात पुढं गेला, पात्याला धरून ठेवणारा खटका सुटला आणि पातं बोटांवर मिटलं. चार मिलिमीटरच्या पात्याला ओरखडासुद्धा आला नाही. पहिल्या बोटाची आतली शीर मात्र तुटली. सांगलीला नेलं, ऑपरेशन झालं, सहा आठवडे हाताला पट्टी. आज ते बोट अर्धंच वाकतं. धार काढताना ते बोट बाजूला धरतो. छाटणीत कात्री तासाभराच्या वर चालवता येत नाही. वय सव्वीस. द्राक्ष बागायतदाराचा उजवा हात आहे तो.

ड्रममध्ये चाकू खुपसायला नको होता, हे खरं. त्याची चूक आहेच. पण तो चाकू विकताना काय सांगितलं होतं? की हा कशातही घुसतो. पोलाद सगळं दिखाव्याला पात्यात घातलं आणि पातं अडवून धरणारी पट्टी पत्र्याची, नखाएवढी. मला राग याचाच येतो. मजबुती लागते सांध्याला, आणि हे लोक ती देतात पात्याला, कारण फोटोत पातं दिसतं, सांधा दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. घडीचा चाकू घेताना पातं पातळ बघा आणि सांधा दणकट बघा. आपण बरोबर उलटं करतोय.

आता हे बघायचं कसं? दुकानात उभं राहून पाच मिनिटांत होतं. दुकानदारानं कंटाळा केला तरी करा, बोट आपलं आहे.

पहिलं म्हणजे पात्याची पाठ. दीड ते अडीच मिलिमीटर असली तर पुष्कळ झालं. तीनच्या वर गेली की ठेवून द्या. मोजायचं काही नसेल तर घरातल्या भाजीच्या सुरीशी ताडून बघा, तिच्यापेक्षा थोडी जाड चालेल. पण नुसती पाठ बघून फसू नका. पातं समोरून, टोकाकडून डोळ्यासमोर धरा. पाठीपासून धारेपर्यंत ते सारखं उतरत आलंय का? की वरचा भाग सगळा पट्टीसारखा आणि फक्त खालची कड घासून धार काढलीय? दुसरा प्रकार घेऊ नका. तो नवीन असताना कागद कापतो, पण गाजर फोडतो.

लांबी तीन ते साडेतीन इंच पुरे. रुंदी कमी असावी, म्हणजे वळणावर, सालीखाली, गाठीत टोक जातं. आणि पाठीवर दात नकोत. त्या दातांनी काहीही कापलं जात नाही. अंगठा ठेवून दाबायची जागा तेवढी जाते आणि खिसा फाटतो.

दुसरं, सांधा. चाकू उघडा. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून डावीउजवीकडे हलवा. हलतो? परत द्या. आज केसभर हलतो तो वर्षभरात खुळखुळ्यासारखा वाजतो. सांध्याला रिव्हेट असेल तर ती घट्ट आणि दोन्ही बाजूंना नीट ठोकलेली पाहिजे. स्क्रू असेल तर चांगलंच, ढिला झाला की आवळता येतो आणि खोलून साफ करता येतो.

तिसरं, खटका. हे सगळ्यात महत्त्वाचं. काही चाकूंना खटकाच नसतो, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर पातं उभं राहतं. फळं कापायला तो ठीक आहे, पण काटक्या तोडायला नको. काहींना मुठीच्या पाठीवर खटका असतो, दाबला की पातं सुटतं. काहींना मुठीच्या आत पत्र्याची पट्टी असते, ती पात्याच्या बुडाखाली जाऊन अडते. पट्टीवाला असेल तर ती पात्याच्या बुडाखाली पूर्ण जाते का ते बघा. नुसत्या कडेला टेकलेली असेल तर कधी सरकेल सांगता येत नाही. मग मूठ अशी धरा, की पातं मिटलं तरी बोट मध्ये येणार नाही, आणि पात्याची पाठ लाकडी टेबलावर हळू दाबा. तीन-चार वेळा. एकदा जरी सुटलं तरी पैसे परत घ्या. ऑनलाईन मागवला असेल तर आल्याबरोबर हेच करा, परत करायची मुदत जायच्या आत.

आणि खटका कितीही चांगला असला तरी मातीचा शत्रू आहे. चिखल, डिंक, सुतळीचे धागे आत गेले की पट्टी पूर्ण बसत नाही. म्हणून मुठीच्या आतली खाच उघडी असावी, पाण्याखाली धरली की धुतली जाईल अशी. डाळिंबवाल्यांनी तर याकडं जास्तच लक्ष द्या. तेल्याचे जिवाणू हत्यारावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात हे आता सगळ्यांना माहीत आहे. कात्री आपण सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवतो आणि चाकू तसाच खिशात घालतो. फट जितकी बारीक, तितकी घाण जास्त दिवस राहते. बुडवा, आणि काम झालं की साध्या पाण्यानं धुऊन पुसा, नाहीतर तेच द्रावण पातं खाईल.

चौथं, मूठ. मिटलेला चाकू तळहातात सगळ्या बोटांना पुरला पाहिजे. करंगळी बाहेर लटकत असेल तर जोर येत नाही. मूठ फार चौकोनी नको, फार गुळगुळीतही नको. दुकानात हात ओला करून धरून बघा. आपले हात बागेत कोरडे कधी असतात?

आता पोलादाचं. स्टेनलेस की साधं? दोन्ही चालतात. साध्या पोलादाला धार लवकर येते आणि कोवळी येते, पण जपावं लागतं. कच्ची कैरी, लिंबू, कांदा कापला की पातं काळपट पडतं. ते खराब झालं असं समजू नका, तो गंज नव्हे. लाल ठिपके आले तर मात्र गंज. पुसून खोबरेल तेलाचा किंवा गोडेतेलाचा एक थेंब फिरवला की झालं. मोरचुदाला मात्र जपा. आपण बोर्डो करतो, एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि द्रावण बरोबर झालं का बघायला त्यात लोखंडी पातं बुडवतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. जुन्या लोकांनी शिकवलेली ही परीक्षा आजही खरी आहे. पण ज्या पात्यावर तांबं चढतं त्याचं लोखंड त्या पाण्यात विरघळत असतं, हे लक्षात ठेवा. त्या कामाला जुना खिळा किंवा मोडका विळा वापरा, खिशातला चाकू नको.

स्टेनलेसला एवढं जपावं लागत नाही, पण स्वस्तातलं स्टेनलेस फार मऊ असतं, दोन पोती कापली की बोथट. ते कळणार कसं? घरी आणून निसण्यावर धार लावा, पन्नासेक सुतळीचे बंद तोडा आणि मग वर्तमानपत्राचा कागद कापून बघा. कागद कापतोय तर ठीक. फाडतोय तर पुढच्या वेळी ते दुकान नको. आणि पात्यावर छापलेले इंग्रजी आकडे बघून हुरळू नका. छापायला काय, काहीही छापतात.

आता लोक मला काय म्हणतात ते सांगतो, उत्तरासकट.

पहिलं म्हणणं, पातळ पातं मोडतं. मोडतं की. माझंही मोडलंय. पंधराएक वर्षांपूर्वी औषधाच्या डब्याचं झाकण उचकटायला घातलं आणि टोक गेलं. टोक उडून कपाळाला लागलं, डोळा दोन बोटांवर होता. त्या दिवशी मीही दुकानदाराला शिव्या दिल्या होत्या. नंतर शांत डोक्यानं विचार केला, चाकूचं काय चुकलं? झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर ट्रॅक्टरच्या पेटीत होता. तो आणायला वीस पावलं चालायचा मी कंटाळा केला. आपला आळस झाकायला पातं जाड करत गेलो, तर एक दिवस पहार खिशात घालून फिरावं लागेल.

दुसरं म्हणणं, सैनिकसुद्धा असलेच जाड चाकू वापरतात. कुणी सांगितलं? स्वित्झर्लंडच्या सैन्याला १८९१ साली जो घडीचा चाकू दिला गेला, तो जगभर प्रसिद्ध झाला. त्यात काय होतं? कापायला एक पातं, डबे उघडायला वेगळं हत्यार, स्क्रू पिळायला वेगळं आणि भोक पाडायला वेगळं टोचं. सैनिकाला डबा उघडून जेवायचं होतं आणि बंदूक खोलून साफ करायची होती. त्यांनीसुद्धा उचकटायचं, भोक पाडायचं काम पात्यावर ढकललं नाही. माझ्या पुतण्याच्या चाकूत एक साधं टोचं असतं तर त्याचं बोट आज वाकलं असतं.

पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा मध्यंतरी एक फ्रान्सचा चाकू घेऊन आला, ओपिनेल नावाचा. डोंगराळ साव्हॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल या माणसानं १८९० साली तो बनवायला सुरुवात केली. शेतकऱ्यांचा, गुराख्यांचा चाकू. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, पातं पाठीला दोन मिलिमीटरच्या आत, आणि सांध्यावर एक फिरणारी कडी. कडी फिरवली की पातं मिटत नाही. ही कडी १९५५ साली बसवली. पाठीवर दात नाहीत, भोकं नाहीत, कवटी नाही. हातात घेतला तर वजन जाणवत नाही आणि टोमॅटोची चकती अशी काढतो, की पलीकडचं दिसावं. हाच घ्या असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं निघता निघत नाही, आमच्या दोन-तीन दिवसांच्या भिजपावसात हे घडलं. पण मुद्दा बघा. सव्वाशे वर्षांवर तिकडचे शेतकरी पातळ पात्यावर शेती करत आले, आणि मजबुती वाढवायची वेळ आली तेव्हा कडी सांध्याला बसवली, पातं तसंच ठेवलं.

तिसरं म्हणणं आमच्याच वयाच्या लोकांचं. विळा आहे, खुरपं आहे, कोयता आहे, चाकूचे लाड कशाला? त्यांना माझ्या रेडकाची गोष्ट सांगतो. गेल्या थंडीत पहाटे गोठ्यात धडपड ऐकू आली. जाऊन बघतो तर रेडकू दाव्याला गुंडाळून पडलेलं, नायलॉनचं दावं गळ्यात रुतलेलं, जीभ बाहेर. गाठ ओढून इतकी बसलेली, की सुटेना. विळा घराकडं. आणि विळा असता तरी गळा आणि दाव्याच्या मधून घालायचा कसा? चाकू खिशात होता. पातं आडवं धरून गळ्याला टेकवून दाव्याखाली सरकवलं, धार बाहेरच्या बाजूला फिरवली आणि ओढलं. दोन ओढीत तुटलं. चार मिलिमीटरचं पातं त्या फटीत शिरलंच नसतं. आज ती म्हसरू दीड वर्षाची आहे. चाकूची किंमत साडेचारशे होती.

चौथं म्हणणं, लोहाराकडून करून घ्यावा. मला हे पटतं. करवतीच्या जुन्या पात्याचा चाकू आमच्याकडं कित्येक कलमवाले वापरतात, पातळ आणि कडक. पण दोन गोष्टी बघा. एक, विजेच्या चाकावर घासताना पातं निळं पडू देऊ नका. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. घासताना घटकेघटकेला पाण्यात बुडवायला सांगा. दुसरं, घडीचा सांधा सगळ्या लोहारांना जमत नाही. सांधा ढिला होणार असेल तर सरळ पात्याचा करा आणि चामड्याचं म्यान शिवून घ्या. खिशात उघडं पातं नको.

एक कायद्याचंही सांगतो, कारण पोरं या बाबतीत बेफिकीर आहेत. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरलेली आहेत, आणि घरकामाला, शेतीला म्हणून बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. आपल्या तीन इंची चाकूला भ्यायचं कारण नाही. पण बटण दाबलं की फटकन उघडणारा, कवटीचा, 'कमांडो' लिहिलेला चाकू कमरेला लावून जत्रेत फिरलात आणि पोलिसानं विचारलं, तर हा सुतळी तोडायला आहे हे त्याला पटवायला तोंड लागेल. साधा चाकू शेतकऱ्याचा वाटतो. आणि तोही जत्रेला, मतदानाला, कोर्टकचेरीला जाताना घरीच ठेवावा.

शेवटचं, धारेचं. पातळ चाकू घेतला आणि धार लावलीच नाही तर माझं सगळं लिहिणं वाया. बोथट चाकू जास्त कापतो, पण आपल्याला. कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात सुटतो. निसणा पाण्यात भिजवा, पातं जवळजवळ आडवं ठेवा, पाठ दगडापासून थोडीच उचललेली, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा ओढा. चाकू पातळ असेल तर पाच मिनिटं पुरतात. त्या जाड चाकूला धार लावायला बसा एकदा, अर्धा तास हात दुखेल आणि तरी कागद फाटेलच. दणकट दिसणारी वस्तू पुढं सहा महिन्यांत खोक्यात का पडते, त्याचं कारण हेच.

बांधापलीकडच्या त्या पोराला मी काल संध्याकाळी घरी बोलावलं. गाजर ठेवलं समोर, दोन्ही चाकू ठेवले. काही न बोलता त्यानं दोन्हीनं कापून बघितलं. मग म्हणाला, "तात्या, ह्याचं काय करू आता?" म्हटलं, ठेव पेटीत, पॅकिंगच्या खोक्यांच्या पट्ट्या तोडायला होईल. त्याला निसणा देऊन पाठवलाय. परवा त्याच्या राहिलेल्या ओळी भरायच्यात, मीही जाणार आहे.

तुम्हीही आज खिशातला चाकू काढा. पाठ मोजा, सांधा हलवून बघा, खटका टेबलावर दाबून बघा, बोटं बाजूला ठेवून. आणि घरात कवटीवाला चाकू असेल तर पोरांना ही नोट वाचायला द्या.

राम राम.